ब्रेक लागी रायना

शनि., ४ जाने.

सकाळी तोंडात ब्रश असताना नानांचा फोन. धुळ्याला गाडी आली म्हणे. रिमोटची, पेट्रोलवाली, मोठी. एकट्याने उचलायची तर कंबर सांभाळावी लागेल अशी. रद्दीवाल्याच्या काट्यावर ठेवून पाहिली, साडेचौदा किलो भरली. मी म्हटलं रद्दीवाल्याचा काटा आहे, सोळा धरा. खूप हसले.

एकतीस वर्षं यष्टी चालवली या माणसाने, एकही अपघात नाही. आता पासष्टीत हे वेड. लावलं मीच, गेल्या वर्षी नरडाण्याला माझी गाडी चालवायला देऊन.

काम असं आहे: गाडीत एकच सर्वो आलाय. तोच पेट्रोल वाढवतो, तोच ब्रेक ओढतो. नानांना ब्रेकसाठी वेगळा हवा. "एवढी जड गाडी नि ब्रेकले अर्धा माणूस? नही चालनार. शिरीष, तू सांगशी तोच लिसू. माले त्यातलं काही समजत नही."

तू सांगशील तोच. छाती फुगली जरा. खोटं कशाला लिहू.

सोम., ६ जाने.

वंदना म्हणाली, तीन दिवस सर्वो सर्वो चाललंय, आहे तरी काय ते. सांगितलं: काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी डबी, आत मोटर. रिमोटवर बोट दाबलं की डबीवरचा दांडा फिरतो, दांड्याला सळई, सळईला ब्रेक. वं. म्हणाली, मग सरळ मोटर म्हणा ना.

ब्रेकला वेग नको, ताकद हवी. पेट्रोलच्या सर्वोला उलट. सर्वो किती जोराने ओढतो ते किलोत मोजतात. दोन नजरेत आहेत. एक वीस किलोवाला, माझ्या गाडीत दोन वर्षं बिनतक्रार चाललाय. दुसरा नवीन, चाळीस किलोवाला, आतली सगळी चाकं लोखंडी, डबी लालभडक. वापरलेला नाही, कुणाकडे पाहिलेलाही नाही.

पण नानांना वीसवाला सांगितला तर त्यात माझी अक्कल काय दिसणार. तो तर कुणीही सांगेल. चाळीस सांगितला. मागवतो म्हणाले.

रवि., १२ जाने.

नाना बसने आले, गाडी केळीच्या खोक्यात घालून. जळगावला पिंप्राळ्याच्या आमच्या गल्लीत खोकं घेऊन उतरले तर शेजारचे काका केळी कशी दिली विचारायला आले. दुपारभर अंगणात पसारा. वं.ने दोनदा चहा दिला, तिसऱ्यांदा नुसतं बघून आत गेली.

सर्वो बसला. रिमोटचा सिग्नल तुटला तर ब्रेक आपोआप लागेल, तीही सोय केली. रिमोट बंद करून दाखवला, खाडकन लागला. नाना खूश.

सळई मी अर्धा आटा जास्तच आवळली. बोट लावलं की ब्रेक लागला पाहिजे, मधे मोकळी जागा नको. नाना बघत होते. म्हणाले, यष्टीमा पेडलले थोडा प्ले ठेवतस, नही तं लायनर तापस. मी म्हटलं, नाना, ही यष्टी नव्हे.

बरं म्हणाले बिचारे. बॅटरी धरून उभे राहिले.

बुध., १५ जाने.

बाजार समितीत मोठ्या वजनकाट्याच्या दुरुस्तीला त्याच्याखाली आडवा होतो, हात ग्रीसने काळे. नानांचा व्हॉइस मेसेज आला. कोपराने लावला. "शिरीष, नाना बोली रायनू. ब्रेक लागी रायना, बरं का..." वरून हमाल ओरडला, सर, ट्रक उभा आहे. बंद केला. लागतोय, उत्तम. अंगठा पाठवून दिला.

काट्यात साडेतीन किलोचा फरक निघाला. व्यापारी म्हणे इतकं चालतं. नाही चालत म्हटलं. मी सील लावणार नाही. बराच वेळ हुज्जत. शेवटी ऐकलं. बरं वाटलं.

रवि., १९ जाने. संध्याकाळ

 क्रमाने लिहितो.

पॅसेंजरने नरडाणा. नेहमीचा मोकळा प्लॉट. नाना आणि हेमंत धुळ्याहून, मनोज भडगावहून, मी. हेमंतचं मोबाइलचं दुकान, मनोजचं मेडिकल. भरिताची वांगी मनोजनेच आणलेली. आधी गाड्या, मग भरीत, असं ठरलं.

नानांच्या गाडीची ही पहिलीच रपेट. मनोज लांबच्या वळणावर उभा होता, उलटली तर सरळ करायला. दोन फेऱ्या झकास. तिसऱ्या फेरीला सरळ रस्त्यावर नानांनी खेचली, पन्नासच्या वर असेल, आणि वळणाला थांबलीच नाही. पेट्रोल सोडलेलं आवाजावरून कळत होतं. ब्रेक नाही. सरळ गेली आणि मनोजच्या नडगीवर. हाड मोडल्याचा आवाज माझ्यापर्यंत आला.

हेमंतच्या गाडीतून धुळ्याला नेलं. प्लास्टर. दोन महिने तरी.

दवाखान्याबाहेर हेमंत म्हणाला, "नाना, दाबायला उशीर झाला तुमचा. वय झालं आता." सहज म्हणाला, वाईट हेतूने नाही. नाना माझ्याकडे वळले. "मी दाबेल व्हता ना रे शिरीष? का नही दाबा?"

मी गाडी उचलून ठेवली होती तेव्हाच डबीला जळकट वास होता. हाताला चटका बसला होता. मला माहीत होतं.

मी म्हणालो, "होऊ शकतं, नाना. कधी कधी होतं असं."

होऊ शकतं. दोन शब्द. मेल्या.

सोम., २० जाने.

काल निघताना सर्वो काढून खिशात घालून आणला, "तपासतो" म्हणून. आज उघडला. आतली मोटर काळी. तारेचा लेप जळलाय. म्हणजे सतत जोर लावत बसला होता. ब्रेक सोडलेला असतानाही. माझा अर्धा आटा. ब्रेक पूर्ण सुटतच नव्हता, आणि ही डबी बिचारी बंद दार ढकलत राहावं तशी ढकलत राहिली. जळाली, सळई ढिली पडली, आणि नानांनी ब्रेक दाबला तेव्हा ओढायला कुणी उरलंच नव्हतं. सिग्नल तुटल्यावरची ती सोय काय करणार? सिग्नल शाबूत होता.

मग तो बुधवारचा मेसेज पूर्ण ऐकला. बेचाळीस सेकंदांचा आहे. मी सहा ऐकले होते.

"शिरीष, नाना बोली रायनू. ब्रेक लागी रायना, बरं का. गाडी ढकली पाही तं जड जास. बोट सोडेल शे तरी बी लागी रायना. नि ती तुनी डबी गरम व्हस, हात ठेवता येत नही. रविवारले चालावू का नको, तेवढं सांग. तू म्हणशी तसं."

लागतोय. आपल्याकडे एकच शब्द. ब्रेक लागतो म्हणजे गाडी थांबते. आणि बूट लागतो म्हणतो, तसाही ब्रेक लागतो. मला पाहिजे तो अर्थ मी घेतला आणि अंगठा दाखवला. तू म्हणशी तसं. मी म्हटलंच होतं की. चालवा म्हटलं.

तीनदा ऐकला. वं. स्वयंपाकघरातून म्हणाली, नानांचा आवाज येतोय का? मी फोन उलटा ठेवला.

गुरु., २३ जाने.

मनोजला फोन. हसत होता. "चाळीस किलोचा ब्रेक म्हणे, अन् माझी तंगडी मोडली." नानांनी रोज फोन केला म्हणाला, दिवसातून दोनदा. काल फोनवर रडले.

मी काळजी घे म्हणालो.

ग्रुपवर हेमंतने टाकलंय, यापुढे साठच्या वरच्यांनी छोट्या गाड्या चालवाव्यात, पुढे हसरा चेहरा. नानांनी उत्तर दिलं: बरोबर आहे. मी तिथेच ऑनलाइन होतो. टाइप केलं, पुसलं. पुन्हा टाइप केलं. मग सावद्याहून केळीवाल्याचा काट्यासाठी फोन आला आणि मला सुटल्यासारखं झालं. किती हलका माणूस आहे मी.

रवि., २ फेब्रु.

अक्कांचा फोन आला, वं.ला. अक्का म्हणजे नानांची बायको, फोनवर तशा कमी बोलतात. नाना स्कूटरला हात लावत नाहीत. बाजारात चालत जातात. गेल्या आठवड्यात पोरगी नाशिकहून आली, म्हणाली बाबा चला देवीला जाऊन येऊ, तुम्ही चालवा, तर नाही म्हणाले, तूच चालव. मागे बसले. अक्कांना म्हणाले, "हात गया मना. एकतीस वरीस पुरना, आते गया."

यष्टीचा तो बिना अपघाताचा बिल्ला शोकेसमधून काढून कपाटात टाकलाय.

वं. सगळं सांगून माझ्याकडे बघत राहिली. "तुम्हाला काही माहीत आहे का?" नाही म्हटलं. म्हणजे आता बायकोशीही.

 

शुक्र., ७ फेब्रु.

सांगायचंच म्हणून रजा टाकून धुळ्याला गेलो. बसमध्ये घोकत होतो. नाना, चूक माझी. नाना, चूक माझी. पारोळ्यापर्यंत पाठ.

घरी गेलो तर नाना एवढे खूश झाले की विचारू नका. अक्कांना म्हणाले, पाह्य, खास भेटाले उना. शेवभाजी करायला लावली. जेवताना नाना म्हणाले, "तू मनावर लेऊ नको. तुन्ही डबी चांगलीच व्हती. हात मनाच चुकना."

मला सांत्वन. मला.

तोंडात घास होता. गिळेपर्यंत नाना आत गेले आणि ते केळीचं खोकं घेऊन आले. "तू ले जाय. तुले समजस. माले नको आते." नको नको म्हटलं. ऐकेनात. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या, म्हणून मी घेतलं असं मी स्वतःला सांगतोय. खरं म्हणजे त्या क्षणी कसंही करून तिथून निघायचं होतं.

जळगावपर्यंत खोकं मांडीवर. पाय बधिर झाले. झाले ते बरंच झालं.

मंगळ., ११ फेब्रु.

तसलाच चाळीसवाला दुसरा सर्वो मागवला होता, आज आला. वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस मी. घरात टांगायचा काटा आहे, खुंटीला लटकलेला. दांड्याला एका सेंटीमीटरवर दोरा बांधला, काट्याला अडकवला. नानांच्या गाडीतल्या सहा व्होल्टच्या बॅटरीवर लावला.

तेवीस.

डबीवरचा चाळीस आकडा जास्त व्होल्टचा. बारीक अक्षरात लिहिलंयही. दहा मिनिटांचं काम होतं, १२ तारखेला अंगणात करता आलं असतं. व्यापाऱ्याच्या काट्यात साडेतीन किलो खपवून घेत नाही आणि इथे सतरा किलोची थाप वाचून मान डोलावली. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर त्याला मी दारात उभा केला नसता.

वं. मागे येऊन उभी होती. टेबलावर जळका सर्वो, शेजारी नवा. तिला तंत्रातलं कळत नाही, पण मला ओळखते. "नानांचा हात चुकला नव्हता ना?" नाही म्हटलं. "किती दिवस झाले कळून?" बावीस म्हटलं. कपडे वाळत घालायला गेली. येऊन म्हणाली, "अक्कांचा फोन आला तर मी उचलणार नाही. मला खोटं बोलता येत नाही."

रवि., १६ फेब्रु.

भडगाव. मनोजला सगळं सांगितलं. अर्धा आटा, सहा सेकंद, अंगठा, होऊ शकतं. सगळं. तो खाटेवर, पाय उशीवर. ऐकून घेतलं.

मला वाटलं शिव्या देईल. किंवा सोड रे म्हणेल. खरं तर सोड रे म्हणेल हीच आशा होती.

म्हणाला, "माझ्याकडे कशाला आलास?"

म्हटलं, पाय तुझा मोडला.

"पाय महिन्याभरात चालेल माझा. म्हातारा घरात बसलाय त्याचं काय? इथे येऊन माझ्याकडून माफी घेतलीस की तुझं पोट साफ झालं, आणि नाना तिथे तसेच. मला सांगून मोकळा व्हायचं नाही, शिरीष. उलट आता तू मलाही अडकवलंस. आठवडाभर थांबतो. तू नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सगळंच सांगेन."

निघताना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्याची आई दारात म्हणाली, चहा तरी घ्या. मी आतून आलेला मनोजचा आवाज ऐकला, राहू दे आई, गाडी आहे त्याची. गाडीला अजून दीड तास होता.

गुरु., २० फेब्रु.

सांगितलं.

म्हणजे, काय सांगितलं ते लिहितो.

अकराला पोचलो. बसण्याआधी बोलायला लागलो, नाहीतर परत शेवभाजी झाली असती. जळका सर्वो स्टुलावर ठेवला. नाना, हा जळालाय. सळई मी घट्ट आवळली होती. तुम्ही मेसेजमध्ये विचारलं होतं, मी पुरता ऐकला नाही. डबीवर चाळीस लिहिलंय, माझ्या काट्यावर तेवीस भरला. तुमचा हात चुकला नाही. तुम्ही दाबला तेव्हा ओढायला काही नव्हतंच.

नाना स्टुलावर वाकले. डबी उचलली, हुंगली.

"म्हणजे मी दाबेल व्हता."

हो नाना.

"वेळवर दाबेल व्हता."

वेळेवर.

अक्का दारात येऊन उभ्या होत्या, पदर तोंडाला. नाना माझ्यावर ओरडतील याची वाट बघत होतो. खरंच हवं होतं मला ते. नानांनी एवढंच विचारलं, "कधी समजनं तुले?"

आणि माझं तोंड म्हणालं, "काल."

मी ठरवलं नव्हतं. घोकलेल्या वाक्यांत तो प्रश्न नव्हता. त्या एका क्षणात तोंडाला आपणहून जी सोपी जागा सापडली तिथे ते जाऊन बसलं. काल.

नाना उठले. चप्पल घातली. "चाल."

कुठे? नाना पुढे निघालेही. त्यांची कॉलनी सगळी यष्टीवाल्यांची, रिटायर ड्रायव्हर, कंडक्टर, वर्कशॉपवाले. पहिलं घर समोरचंच. नानांनी दारातून हाक मारली, आबा बाहेर आले. नाना मला म्हणाले, सांग यास्ले. मी सांगितलं. चूक माझी, नानांचा ब्रेक वेळेवर होता. आबांनी डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. नाना म्हणाले, "काल समजनं नि आज गाडी पकडीसन सांगाले उना. असा माणूस दखाडा माले."

दुसरं घर. तिसरं घर. प्रत्येक ठिकाणी मी चूक सांगायची आणि नानांनी मला वर चढवायचं. तिसऱ्या घरी वर्कशॉपचे जुने फोरमन होते. ते म्हणाले, आजकाल लोक ब्रेक फेल झाला तर ड्रायव्हरवरच ढकलतात, तुम्ही दिलदार आहात. माझा हात हातात घेऊन दाबला. तिथे चहा झाला. चौथ्या घरी नानांचा जुना कंडक्टर, अठरा वर्षं एका गाडीवर. त्याने ऐकलं आणि नानांना मिठी मारली. दोघे म्हातारे तसेच ओट्यावर उभे. मी बाजूला, हातात जळकी डबी धरून.

तेवढं मात्र मी बघितलं, आणि तेवढ्यासाठी तरी आलो ते बरं झालं असं वाटलं.

परत येताना नाना ताठ चालत होते. भाजीवालीला उगाच हाक मारली. घरी आल्यावर स्कूटर काढली आणि मला मागे बसवून स्टँडवर सोडलं. भर बाजारातून. एका हाताने हॉर्न वाजवत. स्टँडवर मी म्हटलं, नाना, एक राहिलंय. नाना म्हणाले, "काही राह्यनं नही. तू लहान व्हईसन मोठा व्हयना." बस लागली होती. कंडक्टर चला चला करत होता. चढलो.

सांगता आलं असतं. ती बस सुटली असती तर अर्ध्या तासाने दुसरी होती.

शुक्र., २१ फेब्रु.

ग्रुपवर नानांचा मेसेज, अक्कांकडून टाइप करून घेतलेला असावा: शिरीषभाऊंनी चूक समजताच दुसऱ्याच दिवशी धुळ्याला येऊन कबूल केली, असे मित्र आहेत याचा अभिमान आहे, रविवारी नरडाण्याला भरिताच्या आधी त्यांचा टॉवेल-टोपी देऊन सत्कार करायचा आहे, सर्वांनी यावे. खाली हेमंतचे हात जोडलेले. "नाना, माझंही चुकलं, वयावरून बोललो." बरं झालं, ते तरी झालं.

मनोजने मेसेज वाचल्याची खूण दिसतेय. 

दुपारी त्याचाच फोन आला. म्हणाला, "सत्कार आहे म्हणे तुझा." मी म्हटलं मनोज, ऐक. "ऐकतो की. समजताच, दुसऱ्याच दिवशी. मला तू १६ तारखेला सांगितलंस. तेव्हाच महिना व्हायला आला होता." मग जरा थांबून म्हणाला, "मी येतोय रविवारी. भाऊ गाडीने आणून सोडणार आहे. मी काही बोलणार नाही, घाबरू नको. नानांना सुख झालंय ते मी नासवणार नाही. तू तुझं बघ."

बोलणार नाही म्हणाला याचं आधी हायसं वाटलं. आधी हायसं. मग लाज. या क्रमाने.

वं.ला सगळं सांगितलं. कालचं "काल" सुद्धा. तिने हातातलं पीठ झटकलं. म्हणाली, "चूक सांगितलीत ती ब्रेकची. ब्रेकची चूक कुणाचीही होते." मग परत परातीकडे वळली.

शनि., २२ फेब्रु.

सकाळपासून नानांना फोन लावायचा म्हणतोय. फोनवर सांगावं की समोर? फोनवर सांगितलं तर भित्रेपणा. समोर सांगितलं तर सगळ्यांसमोर, सत्काराच्या वेळी, आणि नानांचंच हसं होईल: ज्याला घरोघर मिरवलं तो असा. ग्रुपवर त्यांचे जुने सहकारीही आता आलेत, आबा, तो कंडक्टर. ते उद्या नानांबरोबर येणार आहेत. म्हणजे न सांगणं हेच नानांसाठी बरं, असंही एक मन म्हणतं. त्या मनाचा आवाज मला चांगला ओळखीचा झालाय. "होऊ शकतं" म्हणाला होता तोच.

आजारी पडलो म्हणून सांगावं असंही डोक्यात आलं. लिहून ठेवतो, म्हणजे नंतर नाही म्हणता येणार नाही.

नानांची गाडी दुरुस्त केली आहे. वीसवाला सर्वो घातला, माझ्या गाडीतला, काट्यावर लावून पाहिला: एकोणीस. दांडा आखूड केला. सळईला प्ले ठेवला, यष्टीसारखा. गाडी ढकलून पाहिली, हलकी जाते. पाच मिनिटं चालू ठेवून डबीवर बोट ठेवलं, गार. उद्या खोक्यातून घेऊन जाणार, घेणार असतील तर त्यांना परत.

चारच्या सुमाराला नानांचाच फोन. बाजारात होते, मागे गलका, कुणीतरी टोप्यांचे भाव सांगत होतं. आवाज इतका मोकळा की गेल्या महिन्याभरात ऐकला नव्हता.

म्हटलं, नाना, मला तुमच्याशी जरा बोलायचं होतं.

"उद्या बोल, उद्या. आते एवढंच सांग, तुना डोकानं माप काय शे? दुकानवाला बावीस का तेवीस इचारस. घट्ट टोपी लागस मंग डोकाले."

सांगतो म्हटलं, थांबा. दोरा घेतला. कपाळावरून मागे नेऊन गुंडाळला, जिथे टोकं जुळली तिथे नखाने धरला, पट्टीवर ठेवला. हात स्थिर होते. सव्वाबावीस भरलं.

नाना वाट बघत होते. मी म्हणालो, तेवीस घ्या.